फुलाला दाढी

॥ श्री ॥
नानाखेडा, उज्जैन
१५ ऑक्टोबर १९९५

चि. सौ. निहारिका हिस,

तुझ्या नावाचं एक पार्सल कालिंपोंगहून आलं आहे. पत्ता इथला आहे, म्हणजे जाण्याआधी तूच मागवलेलं दिसतं.

आल्हाद नको म्हणत असताना जुलैत तू पुण्याच्या त्या फुलांच्या कंपनीत नोकरीला गेलीस. तेव्हापासून या घरातून सुनेला पत्र नाही आणि सुनेचंही इथे नाही. तसंच चालू राहिलं तरी माझी हरकत नाही. हे पत्र फक्त पार्सलबद्दल आहे.

पोस्टमन म्हणाला, "माताजी, पहाड़ से किसी ने अदरक भेजी है." मलाही तसंच वाटलं. दिसायला हुबेहूब आलं. दिवाळीच्या भाजणीची गडबड चाललेली, तिसऱ्या प्रहरचा चहा ठेवलेला, मी एक तुकडा किसून टाकला. ह्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "विजया, आज चहात काय आहे? तोंड खवखवून राहिलंय." मग मी खोक्यातला भुसा उपसला तर तळाशी चिठ्ठी सापडली. हायब्रिड आयरिस. फुलझाडं. डॉक्टर हसले, म्हणाले, काही होत नाही, पाणी प्या.

तेव्हा विचारायचं एवढंच, की हे पुण्याला पाठवू, माळ्याला देऊन टाकू की फेकू? लवकर कळव. सामान ओलं आहे, कुजेल.

आल्हाद मजेत आहे.

सौ. विजया पोतनीस

ता. क. ह्यांचं तोंड बरं आहे. तुला आशीर्वाद लिही म्हणून मागे लागले आहेत. लिहिला.


॥ श्री ॥
उज्जैन, ६ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. निहारिका हिस,

मी दोन ओळींत विचारलं होतं. तू चार पानं पाठवलीस, आकृत्यांसकट. "आई, फेकू नका" हे तीनदा लिहिलं आहेस. फेकले नाहीत. लावले. म्हणजे मी नाही, दुर्गाला सांगितलं. भांडी झाल्यावर तिला वेळ असतो.

तू लिहिलंस त्याप्रमाणे तीन जाती वेगळ्या केल्या. कांद्यासारखे गड्डे आहेत ते डच, ते फाटकाजवळ. आल्यासारखे आहेत ते दाढीवाले, त्यांना ऊन लागतं म्हणून समोर मधोमध. आणि ज्यांना पाय ओले लागतात ते अमेरिकेच्या दलदलीतले हायब्रिड नळापाशी. समोर जागा नव्हती. माझी कर्दळ होती. ती काढली. तिला उंदीर लागलेच होते.

आपली काळी माती पाणी धरून बसते, दाढीवाल्यांना उंचवटा करा, असं तू म्हणतेस. तेव्हा हे व्हरांड्यात बसून हातोडीने विटा फोडत होते. रिटायर झालेल्या माणसाला काम मिळालं की किती आनंद होतो! कॉलनीतले लोक विचारून जात, "पोतनीस साहब, मकान बन रहा है?" हे म्हणत, "हाँ, मेहमानों के लिए."

कंदाची पाठ उघडी राहू दे, तिला ऊन खाऊ दे, हे मात्र दुर्गाला पटेना. "अम्माजी, बेचारे नंगे पड़े हैं, ठंड लगेगी," म्हणून ती येता-जाता माती लोटून जाते आणि मी मागून जाऊन उघडे करते. आता तू म्हणशील, लावले दुर्गाने तर तुम्ही तिथे काय करता? फाटकाची कडी लावायला जावं लागतं मला.

तुझ्या चार पानांत आल्हादचं नावही नाही. मी काही म्हणत नाही. त्याने पत्र हातात घेतलं, शेवटचं पान उलटून मागची बाजूही बघितली आणि परत ठेवलं. हल्ली बँकेतून आला की टीव्हीपुढे बसतो. केबलवाला रोज नवा चॅनल देतो, हा रोज सगळे फिरवतो आणि एकही बघत नाही. जेवतो बरा.

सौ. विजया पोतनीस


॥ श्री ॥
उज्जैन, २२ जानेवारी १९९६

चि. निहारिकेस अनेक आशीर्वाद,

तिळगूळ पाठवत आहे. डब्याला चिकटपट्टी ह्यांनी लावली आहे, त्यामुळे उघडताना सुरी घे.

फूल आलं! आधी फाटकाजवळच्या डचच्या पातीत एक निळं टोक दिसलं. मला वाटलं, पतंगाचा कागद अडकला. परवा संक्रांतीचेच पतंग होते ना सगळीकडे. काढायला गेले तर ती कळी. दुसऱ्या दिवशी दोन उमलल्या. निळा म्हणजे शाळेच्या शाईचा निळा, आणि खालच्या पाकळ्यांवर पिवळा पट्टा, जसा कोणी मुद्दाम ब्रशने ओढावा. स्वच्छ, ताठ, इस्त्री केल्यासारखं. मी ह्यांना हाका मारल्या, ते अर्धी दाढी केलेले तसेच बाहेर आले आणि फाटकापाशी उभे राहिले. सगळ्या रस्त्याने बघितलं.

एक सांगायचं आहे. शेजारच्या कल्पना भाभी फूल बघायला आल्या. त्यांनी जुलैपासून मला दर आठवड्याला विचारलं आहे, "बहू कब आ रही है?" मी म्हणत असे, माहेरी आहे, आईला बरं नसतं. तुझ्या आईला मी किती आजार लावले असतील, देवच जाणे. या वेळी त्या फुलाकडे बघत म्हणाल्या, "ये किसने मँगवाया?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हमारी बहू ने. पूना में नौकरी करती है, फूलों की कंपनी में. साइंटिस्ट है."

तू सायंटिस्ट आहेस ना? एम.एस्सी. आहेस म्हणजे असशीलच.

त्या म्हणाल्या, "अच्छा!" मला इतकं मोकळं वाटलं की घरात येऊन मी शिरा केला. आल्हादने विचारलं, आज काय? मी म्हटलं, काही नाही, रवा जुना होत होता.

दाढीवाल्यांना नुसती पाती आहेत, तलवारीसारखी. एका बाजूची पिवळी पडली आहेत. पाणी जास्त झालं का? लगेच कळव.

तुझी आई


उज्जैन, १२ फेब्रुवारी १९९६

चि. निहारिका,

घाईत लिहिते आहे. काल गारा पडल्या. आधी तुझं समाधान करते: झाडं वाचली. आता कशी वाचली ते ऐक.

रविवारची दुपार, जेवणं नुकतीच झालेली. दाढीवाल्यांपैकी चारांना दांडा आला होता, कळ्या हिरव्या पानांत गुंडाळलेल्या. आभाळ एकदम काळं झालं आणि पत्र्यावर ताडताड सुरू झालं. बोरांएवढ्या गारा. मी टोपली शोधायला मागे धावले, हे छत्री शोधायला. परत येऊन बघते तर आल्हाद अंगणात. त्याने आपल्या नव्या मोटारसायकलचं कव्हर ओढून काढलेलं, चार विटांवर टाकलेल्या फळीवर ते ताणलेलं, आणि एक कोपरा उडत होता तो धरून उकिडवा बसलेला. डोक्यावर गारा पडताहेत. मी ओरडले, "अरे, गाडी! तुझी गाडी!" तर तो म्हणतो, "आई, आत जा. पहिला दांडा मोडला तर या वर्षी दुसरा येत नाही."

हे त्याला कुठून माहीत? मी त्याला कधी सांगितलं नाही. तू मला तिसऱ्या पत्रात लिहिलं होतंस. म्हणजे कपाटातली पत्रं तो वाचतो. सगळी.

गाडीच्या टाकीला खड्डे पडले आहेत. कोणाला हात लावू देत नसे, आणि आज सकाळी त्या खड्ड्यांवरून फडकं फिरवताना शीळ घालत होता. त्याच्या डोक्याला टेंगूळ आलं आहे. मी हळद लावली. तुला कळवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. म्हणून कळवते आहे.

तुझी आई


उज्जैन, २ मार्च १९९६

प्रिय निहारिका,

आता शांतपणे बस आणि वाच. खूप आहे.

फुलाला दाढी! तू चित्र काढलं होतंस तरी मला पटलं नव्हतं. तीन पाकळ्या वर मिटलेल्या, हात जोडल्यासारख्या. तीन खाली ओघळलेल्या, मखमलीच्या. आणि त्या खालच्यांवर खरंच दाढी, केशरी, मऊ, सुरवंटासारखी. दुर्गा म्हणाली, "अम्माजी, ये तो बाबाजी लोग हैं!" तेव्हापासून आमच्याकडे त्यांना बाबाजीच म्हणतात. चार दांड्यांवर तीन रंग आले. एक पांढरा, कडेला जांभळी शिवण. दोन जांभळे, ते तर असे गडद की संध्याकाळी दिसतच नाहीत, जवळ गेल्यावर द्राक्षांसारखा वास येतो. आणि एक वर हळदीच्या रंगाचा आणि खाली कत्थई, काताच्या रंगाचा. तो माझा. तुझं आवडतं कोणतं ते मला माहीत नाही, पण हळदीचा माझा आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

गेल्या रविवारी फ्रीगंजमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं. मी जाणार नव्हते. हे म्हणाले, "विजया, तू नाही गेलीस तर मी घेऊन जाईन आणि उलटं धरीन." म्हणून गेले. आल्हादने दांडे कापून बादलीत घातले, बादली मांडीवर धरून मी मोटारसायकलवर त्याच्या मागे बसले, आणि टावर चौकात सिग्नलला सगळे बादलीकडे बघत होते.

तिथे एक मुलगा बिल्ला लावून उभा होता. म्हणाला, "माताजी, इसको ऑर्किड में रख दूँ?"

मी म्हटलं, "ऑर्किड नहीं है."

"तो ग्लैडियोलस में?"

"अरे भैया, ग्लैडियोलस को कभी दाढ़ी देखी है?"

शेवटी 'अन्य' अशी पाटी होती तिथे ठेवलं, शोभेच्या कोबीच्या एका कुंडीशेजारी. नावाचं कार्ड आल्हाद भरत होता. मला वाटलं, माझं नाव लिहितो आहे. बघितलं तर त्याच्या त्या बँकेच्या अक्षरात: 'निहारिका आल्हाद पोतनीस.' त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'देखरेख: विजया पोतनीस.' रोज ऊन-पाणी कोणी केलं? दुर्गाने? (दुर्गाने एक दिवसही केलं नाही. तुला ते केव्हाच समजलं असेल.)

मग इंदूरहून आलेले परीक्षक आमच्यापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उज्जैन की काली मिट्टी में बियर्डेड आयरिस? ये कैसे?" मी सांगायला तोंड उघडलं, तोच आल्हाद सुरू झाला. उंचवटा किती, विटांचा चुरा किती, कंद उघडा का ठेवायचा, बरसातीपूर्वी उपटून सावलीत कोरडा का ठेवायचा. थांबेचना. परीक्षक म्हणाले, "आप बॉटनी में हैं?"

"नहीं सर. मेरी पत्नी है."

निहारिका, लग्नात तुझं नाव घेताना तो जेवढा लाजला होता ना, तेवढाच लाजला.

बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं एका डेलियाला. ताटाएवढा झाला म्हणून काय झालं? पण गर्दी कुठे होती ते विचार. डेलियाचा मालक स्वतः येऊन आमच्या बाबाजींना बघून गेला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो मी वापरत नाही, बाहेरच्या खोलीत ठेवला आहे.

घरी येताना आल्हाद टपाल कचेरीपाशी थांबला आणि त्याने पत्राची पाकिटं घेतली. मी विचारलं नाही कोणाला.

होळीला रंग खेळू नकोस असं म्हणणार होते, पण खेळ. जमके खेळ.

तुझी आई


उज्जैन, ३० एप्रिल १९९६

प्रिय निहारिका,

महिना उलटून गेला तरी माझं पत्र नाही म्हणून तू दोनदा विचारलंस. तब्येत चांगली होती. राग आला होता.

आल्हादने तुला लिहिलं, तू उत्तर दिलंस, त्याने लिहिलं, असं मार्चभर चाललं. पोस्टमन फाटकातूनच ओरडायचा, "भैया की चिट्ठी!" आम्ही दोघं खूश. मी वरच्या खोलीचे पडदे धुतले. तुझी आठवड्याभरात तार येईल असं धरून बसले होते. आणि मग आल्हादने सांगितलं: तुला लॅबची इंचार्ज केलं आहे, आणि तू येणार नाहीस. त्याला यायचं असेल तर तू वाट बघशील, असं तू त्याला लिहिलंस. वर हेही लिहिलंस की तू रडून लिहीत नाहीस, आनंदात लिहिते आहेस.

मी पडदे परत काढले. खरंच काढले. हे म्हणाले, "पडद्यांनी काय केलं?"

आल्हाद आठ-दहा दिवस पुन्हा चॅनल फिरवायला लागला. एकुलता एक आहे, आईबाप इथे, घर इथे, नोकरी इथे. त्याने कुठे जावं?

या मधल्या काळात काय झालं ते सांगते. नळापाशी तुझे ते ओल्या पायांचे आयरिस उमलले. तांब्याच्या रंगाचे, पसरट, पाच-पाच एका दांड्यावर, आणि त्यांना काही म्हणजे काही करावं लागलं नाही. नुसतं पाणी. मी सांगते, उज्जैनला कोणाला पहिल्यांदा आयरिस लावायचा असेल तर त्याने हाच लावावा, बाबाजींच्या नादी लागू नये. हे मी बायकांनाही सांगते. हो, बायका येतात. प्रदर्शनात बघितलेल्या, त्यांच्या बहिणी, ऋषीनगरमधल्या एक मॅडम तर मुलाला घेऊन आल्या. फाटकापाशी उभ्या राहून विचारतात, पाती पिवळी का पडतात, गड्डे कधी उपटायचे, गमल्यात येतील का. मी सांगते. त्या लिहून घेतात.

निहारिका, माझं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. लोकांनी मला खूप विचारलं आहे. मीठ किती घालू, मुलगी कशी आहे, साहेब घरी आहेत का. पण मला येतं म्हणून मला विचारायला कोणी आलं नव्हतं. परवा त्या मॅडम गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, आणि मला वाटलं, हिला तिकडे रोज असंच वाटत असेल. रोज सकाळी. हे सोडून कोण येईल?

मी तरी आले असते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी आल्हादला म्हटलं, "ट्रान्सफर माग."

त्याचा घास हातात राहिला. "कुठे?"

"कुठे म्हणजे? दिल्लीला जायचंय का तुला? पुण्याला."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही काय दूध पिणारी बाळं आहोत? तुझ्या बाबांना मी बघते. मला बघायला बाबाजी आहेत."

"आई, तू रागावून बोलतेयस."

"रागावून बोलले असते तर पोह्यांवर शेव घातली असती का?"

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आल्हाद उठला, माझ्या पाया पडला, मग पुन्हा बसून सगळे पोहे खाल्ले आणि आणखी मागितले. जुलैपासून त्याने दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं.

बँकेत अर्ज दिला आहे. हे म्हणतात, आता सुनेची माफीही मागून टाक. मी म्हटलं, कशाची? तिला सगळं समजतं, तुम्हालाच समजत नाही.

तुझी आई


उज्जैन, ८ जून १९९६

प्रिय निहारिका,

हे पत्र पोस्टाने येणार नाही, आल्हादच्या खिशातून येईल. उद्या तो नानाखेड्याहून इंदूर आणि तिथून रात्रीच्या बसने पुण्याला निघेल. त्याच्या हातात पत्र दिलं की तो वाटेत वाचणार, हे मला माहीत आहे. आल्हाद, वाचतोयस ना? बॅगेतला स्वेटर काढून ठेवू नकोस, थंडीत लागेल.

पुण्याच्या शाखेतल्या एका माणसाची बायको देवासची निघाली. तोही दोन वर्षांपासून इकडे यायला तळमळत होता. दोघांनी अदलाबदल मागितली आणि मिळाली. त्या देवासवालीने म्हणे पेढे वाटले. मीही वाटले. सगळ्या कॉलनीला वाटले. कल्पना भाभींनी विचारलं, "बेटा बहू के पास जा रहा है?" मी म्हटलं, "हाँ, और क्या!" त्यांनी दोन पेढे घेतले, आणि मग हळूच म्हणाल्या, आमच्या पिंकीला इंदूरला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा आहे, तिच्या बाबांना तुम्ही समजावाल का? संध्याकाळी मी जाणार आहे समजवायला.

बरसात यायच्या आत सगळे कंद उपटले. एका बाबाजीचे पाच झाले आहेत! आल्हाद आणि मी दोन दिवस अंगणात बसून ते सुटे केले, पाती पंख्यासारखी कापली, मुळं छाटली. काम करता करता तो एकटाच बोलत होता, तिकडे खोली लहान आहे पण गॅलरी आहे, गॅलरीला सकाळचं ऊन आहे. तुझ्या गॅलरीचं ऊन त्याला इथे बसून माहीत होतं. एका खोक्यात तुझा वाटा भरून दिला आहे. त्यात हळदीचाही एक आहे. एकच. बाकी मी ठेवले.

गेला महिना मी त्याला स्वयंपाक शिकवला. पोहे, खिचडी, वरण, बटाट्याची भाजी येते. पोळ्या येत नाहीत, भारताचा नकाशा होतो, पण भाजल्या जातात. तू लॅबमधून उशिरा आलीस तर त्याला उठव आणि वाढायला सांग. लाजू नकोस. तोही लाजणार नाही, मी बजावलं आहे.

वरची खोली रिकामी होईल, याचं मला काय वाटतं ते ह्यांनी सकाळपासून चारदा विचारलं. आत्ता सांगते. सकाळी त्याच्या शर्टांच्या घड्या घालताना डोळ्यांत पाणी आलं, ते आलं. मग त्याच वेळी बाहेरून त्याची शीळ ऐकू आली, आणि माझं मलाच हसू आलं. दोन्ही एकदम झालं. असं होतं का कोणाला?

आम्ही दोघं दिवाळीला येतो आहोत. तिकिटं हेच काढतील, त्यांनी आत्तापासून वेळापत्रक समोर ठेवलं आहे. तू रजा घेऊ नकोस. फराळ मी घेऊन येईन. मला देवदर्शन नको, लक्ष्मी रोड नको, साड्या तर नकोच. एक दिवस सकाळी तुझ्याबरोबर कामावर येईन, तुझं ते काचेचं घर बघेन, तू कुठे बसतेस, कोण तुला काय विचारतं, तू काय सांगतेस, ते सगळं बघेन. मध्ये बोलणार नाही.

सासूला आत सोडतात का, तेवढं विचारून ठेव.

तुझी आई